दोन मिस्ड कॉल

‘तू मूळची कुठली गं?’

ऑफिसात नवीन कुणी जॉइन झालं, की कँटीनच्या पहिल्या चहाला हा प्रश्न येतोच. मी म्हणते, ‘भोकर.’ मग समोरचा हमखास म्हणतो, ‘म्हणजे ते लोणच्याचं?’ हो रे बाबा, लोणच्याचंच नाव. पण आमचं भोकर नांदेड जिल्ह्यात. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वे लाइनवरचं तालुक्याचं गाव. तेलंगणाची हद्द एवढी जवळ, की बाजारात अर्धी भांडणं तेलुगूत ऐकू येतात!

तर या गावानं मला फोनचा पहिला धडा शिकवला. मिस्ड कॉलचा.

२००३ साली इनकमिंग फुकट झालं आणि त्याच पावसाळ्यात ५०१ रुपयांत मोबाइलची ती प्रसिद्ध स्कीम आली. आमच्या मामानं फोन घेतला तेव्हा गल्लीतली माणसं बघायला आली होती. २००५ मध्ये मी इंजिनिअरिंगला पुण्यात आले, तेव्हा घरच्यांशी कोड ठरला. एक मिस्ड कॉल म्हणजे ‘पोचले, सगळं ठीक’. दोन मिस्ड कॉल म्हणजे ‘काहीतरी आहे, फोन कर’. पैसा खर्च न करता अख्खं खानदान कनेक्टेड! आजच्या कुठल्या मेसेंजरनं असली आयडिया काढली असती सांगा?

आता डेटा चहापेक्षा स्वस्त आहे, त्यामुळे मिस्ड कॉल कुणी देत नाही. थेट व्हिडिओच येतो. २०२३ च्या डिसेंबरात असाच एक आला.

माझ्या धाकट्या मामेभावाचं भोकरमध्ये मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. स्क्रीनगार्ड, चार्जर, रिचार्ज, सगळं. गुरुवारी दुपारी मी एका रटाळ कॉन-कॉलवर म्यूट होऊन बसले होते, तेवढ्यात त्याचा मेसेज आला. ‘अक्का, एक व्हिडिओ पाठवलाव बघ. तू पुण्यात हाईस, मोठ्या लोकांत उठतीस-बसतीस. काही होतंय का बघ की.’

३७ सेकंदांची क्लिप. वीटभट्टी. एक नवरा-बायको उभे. घरी लेकरू आजारी आहे, चार दिवस गावी जाऊन येतो, असं तो माणूस हात जोडून सांगतोय. गुत्तेदाराचा माणूस म्हणतोय, उचल फिटली नाही तोवर भट्टी सोडायची नाही. मग एक थप्पड. मग दुसरी. आणि शेवटी एक वाक्य, ‘आधार कार्ड आमच्याकडं हाय, जा कुठं जातूस ते!’

मी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. अंगाचा तिळपापड झाला. आणि मी काय केलं? तुम्ही जे केलं असतं तेच. फॉरवर्ड!

ऑफिसची लंच गँग, शाळेची बॅच, सोसायटीचा ग्रुप. वर एक कडक कॅप्शन ठोकली, ‘मराठवाड्यात ऊसतोड मजुरांचे हे हाल! शेअर करा, गप्प बसू नका!’ मग तोच व्हिडिओ सोशल मीडियावर टाकला, मंत्र्यांना टॅग केलं, हॅशटॅग लावला. रात्रीपर्यंत चारशेच्या वर लाइक्स. लंच गँगमधला एक जण म्हणाला, ‘यू आर सो ब्रेव्ह यार!’ खोटं कशाला बोलू? मस्त वाटलं. त्या रात्री मी छान झोपले.

व्हिडिओ पुण्याहून मुंबईला गेला, तिथून औरंगाबादला (म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला), तिथून नांदेडला. आणि शनिवारी सकाळी भोकरला परत पोचला. आमच्याच फॅमिली ग्रुपवर! एका काकांनी टाकला होता. खाली लिहिलं होतं, ‘ही आपल्या इकडचीच भट्टी दिसते.’

आता त्या क्लिपमध्ये एका कोपऱ्यात पाण्याचा टँकर दिसत होता. व्हिडिओ टँकरच्या मागून काढलेला, हे भट्टीवरच्या कुणालाही कळत होतं. आणि त्या दिवशी टँकरमागे बाहेरचा एकच माणूस उभा होता. मुकादमाचा फोन दुरुस्त करून परत द्यायला गेलेला माझा भाऊ.

शनिवारी दुपारी चार जण दुकानात आले. मारहाण झाली नाही. ‘दुकान चांगलं चाललंय, चालू द्यायचंय ना?’ एवढंच विचारून गेले. मामानं त्याच संध्याकाळी भावाला निजामाबादच्या नातेवाइकांकडे धाडलं. बारा दिवस शटर बंद.

आणि ते नवरा-बायको? त्यांना शुक्रवारी रात्रीच टेम्पोत घालून दुसरीकडे हलवलं होतं. सोमवारी कुणीतरी चौकशीला गेलं, तर भट्टीवर ती माणसंच नव्हती. वर उत्तर तयार होतं, ‘साहेब, तो व्हिडिओ ऊसतोडीचा आहे, तसं लिहिलंयच की त्यात. आमचा काय संबंध?’

माझीच कॅप्शन. त्यांच्या हातात आयता पुरावा!

दोन मिस्ड कॉल तेव्हा आले. मामाचे. बऱ्याच वर्षांनी. मी फोन केला. मामा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, ‘बाई, टाकायच्या आधी एकदा इचारायचं तरी.’

मी रडकुंडीला येऊन मैत्रिणीच्या ओळखीनं नांदेडच्या एका कार्यकर्त्या बाईंना फोन लावला. वीस वर्षं मजुरांच्या केसेस लढवणाऱ्या. मला वाटलं, त्या म्हणतील ‘शाब्बास’. त्यांनी चार प्रश्न विचारले. मूळ फाइल कुणाकडे आहे? त्या नवरा-बायकोंची परवानगी घेतलीत का? त्यांचं नाव-गाव माहीत आहे का? आणि हा व्हिडिओ पाहून नेमकं कुणी, नेमकं काय करावं अशी तुमची इच्छा होती?

चारही प्रश्नांना माझं उत्तर एकच होतं. शांतता. चारशे लाइक्स होते हो माझ्याकडे, बाकी काहीच नव्हतं.

त्या रात्री झोप आली नाही, तेव्हा मला २००६ आठवलं. फर्स्ट इयर. होस्टेल. ‘रंग दे बसंती’ नुकताच येऊन गेलेला आणि आम्ही सगळे जाम पेटलेले. फेब्रुवारीत दिल्लीत जेसिका लाल खून खटल्यातले सगळे आरोपी सुटले, तसं एका न्यूज चॅनेलनं एसएमएस मागवले. लाखोंनी आले. त्यात माझाही एक होता, बॅलन्समधले मौल्यवान रुपये खर्चून पाठवलेला! इंडिया गेटवर मेणबत्त्या लागल्या, आणि डिसेंबरात हायकोर्टानं मनू शर्माला दोषी ठरवलं. आम्हाला वाटलं, आपल्या अंगठ्यात केवढी ताकद आहे!

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची गावातल्या जमावानं हत्या केली. सुरेखा, प्रियांका, रोशन, सुधीर. भैयालाल एकटे वाचले. दलित कुटुंब होतं. दिल्लीच्या बातमीला कॅमेऱ्यांची रांग आणि आपल्याच राज्यातल्या या बातमीला मोठ्या वर्तमानपत्रांत, चॅनेल्सवर कित्येक आठवडे धड जागाही नव्हती. ती पसरली ती कार्यकर्त्यांच्या सत्यशोधन अहवालांतून, ईमेलमधून, ब्लॉगवरून, आणि एसएमएसमधून. नोव्हेंबरात विदर्भात लोक रस्त्यावर आले, मग राज्यभर. कुठल्या मोठ्या पुढाऱ्याच्या हाकेची वाट न बघता. तेव्हा कुठे बाकीच्यांना जाग आली.

मलाही एक एसएमएस आला होता. रूममेटकडून. मोर्चाची वेळ आणि जागा. माझा इनबॉक्स फुल्ल झाला होता... जोक्स आणि शायऱ्यांनी. जागा करायला म्हणून मी तो डिलीट केला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

खैरलांजीची केस पुढे कोर्टात उभी राहिली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठानं फाशीऐवजी २५ वर्षांचा कारावास केला. अॅट्रॉसिटी कायदा मात्र दोन्ही निकालांत लागू झाला नाही. जानेवारी २०१७ मध्ये भैयालाल गेले. तेव्हा पसरलेल्या मजकुरात त्या माय-लेकींच्या मृतदेहांचे फोटोही होते. त्यांच्याशिवाय जग हललं नसतं, असं म्हणणारे आहेत. पण त्या दोघींना कुणी विचारू शकत नव्हतं. हा हिशेब मला आजही जुळवता येत नाही.

म्हणजे फोन चांगला की वाईट? बॉस, ही शाळेतल्या निबंधाची लाइन झाली. आपल्याच राज्यात त्याची सगळी रूपं दिसली आहेत.

नोव्हेंबर २०१२. पालघर. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती, त्यावर एका तरुणीनं फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीनं लाइक केलं. दोघींना अटक! एका लाइकसाठी! काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली ती वेगळीच. दिल्लीत श्रेया सिंघल ही तरुणी ते वाचून चिडली आणि सुप्रीम कोर्टात गेली. २४ मार्च २०१५ ला आयटी कायद्याचं कलम ६६ अ कोर्टानं घटनाबाह्य ठरवलं. आज आपण बिनधास्त लिहितो ना, त्यात त्या दोघींच्या त्या रात्रीचा वाटा आहे.

मार्च २०१८. नाशिकहून हजारो शेतकरी आणि आदिवासी चालत मुंबईला निघाले. सोललेल्या तळपायांचे फोटो आपल्या फोनवर आले आणि मुंबईकर खाऊ-पाणी, चपला घेऊन रस्त्यावर उभे राहिले. परीक्षेच्या मुलांना त्रास नको म्हणून ते लोक रात्रीतून चालून आझाद मैदानात पोचले, हेही आपल्याला फोननंच सांगितलं.

आणि त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातून आलेले, भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, या व्हॉट्सअॅपवरच्या अफवेवरून जमावानं त्यांना ठेचून मारलं. त्या दिवसांत देशभर फिरणाऱ्या अशा क्लिप्सपैकी एक तर चक्क कराचीतल्या जनजागृतीच्या जाहिरातीची होती, शेवटचा संदेश कापून टाकलेली! त्या फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाटत असणार, आपण लेकरांना वाचवतोय. माझ्यासारखंच. ‘शेअर करा, गप्प बसू नका.’ त्यानंतर व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच चॅट्सना फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली.

तिकडे मिनियापोलिसमध्ये २५ मे २०२० ला १७ वर्षांची एक मुलगी दुकानाबाहेर फोन धरून उभी राहिली. जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाचा गुडघा होता, आणि ती हलली नाही. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात तो मृत्यू ‘वैद्यकीय घटना’ होती. तिच्या व्हिडिओनं ते निवेदन खोटं पाडलं. पण नीट बघा, तो व्हिडिओ जगभर फिरला म्हणून काम संपलं नाही. तो ज्यूरीसमोर चालला, तिनं साक्ष दिली, आणि एप्रिल २०२१ मध्ये अधिकारी दोषी ठरला. लाइक्सपासून साक्षीपर्यंतचं ते अंतर माझ्या व्हिडिओनं कापलंच नव्हतं.

ते कापलं नांदेडच्या बाईंनी. फेसबुकवर नाही, पायी. आधी त्यांनी नवरा-बायकोंचं गाव शोधलं, मग त्यांच्या भावकीतून त्यांना हलवलेली जागा. त्यांना विचारलं, ‘तक्रार करायची का? काय हवंय तुम्हाला?’ त्यांना ना हॅशटॅग हवा होता ना इंटरव्ह्यू. आधार कार्ड हवं होतं आणि घरी जायचं होतं. मग अर्ज झाला, वेठबिगार निर्मूलन कायदा, १९७६ खाली. मला वाटायचं वेठबिगारी म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातली गोष्ट. हो, पुस्तकात आहे, आणि भट्टीवरही आहे. उचल देऊन माणसाला अडकवून ठेवणं हा गुन्हा आहे. असं कर्ज फेडण्याची जबाबदारीच कायद्यानं संपते आणि सोडवणुकीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर, उपविभागीय अधिकाऱ्यांवर येते. सुटका झालेल्या मजुरांसाठी २०१६ च्या केंद्राच्या योजनेत १ लाखापासून ३ लाखांपर्यंत पुनर्वसनाची मदत आहे. पैसे हातात पडेपर्यंत चपला झिजतात, हे वेगळं.

भावाच्या फोनमधली मूळ फाइल तेव्हा कामाला आली. सुदैवानं त्या पठ्ठ्यानं डिलीट केली नव्हती! अर्जाला तीच जोडली. तारीख, वेळ, सगळं शाबूत. माझी कॅप्शन कुठेच नव्हती.

तीन आठवड्यांनी ते कुटुंब घरी पोचलं. आधार कार्डं मिळाली. मजुरीचा हिशेब अजून पूर्ण झालेला नाही आणि प्रकरणाची तारीख पुढे जातेय. सिनेमासारखा शेवट नाही. पण लेकरू बरं आहे.

तेव्हापासून मी एक छोटा नियम केलाय, आणि तो तुम्हालाही चिकटवते. हात शिवशिवले की आधी हे बघायचं.

पहिलं, ज्याच्यावर अन्याय होतोय त्याला विचारलं का? त्याचा चेहरा, पाटी, गाडीचा नंबर, व्हिडिओ काढणाऱ्याची जागा ओळखू येतेय का? चेहरे ब्लर करायला दोन मिनिटं लागतात. ‘सिग्नल’ अॅपमध्ये फोटोसाठी ती सोय २०२० पासून आहे. बलात्कारपीडितेची किंवा लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाची ओळख उघड करणं तर थेट गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. २०१८ च्या कठुआ प्रकरणात मोठमोठ्या माध्यमांना दिल्ली हायकोर्टानं प्रत्येकी १० लाख भरायला लावले होते. आपण तर साधे ग्रुप अॅडमिन!

दुसरं, मूळ फाइल जपायची. कापायची नाही, गाणं लावायचं नाही. व्हॉट्सअॅपवर साधा व्हिडिओ पाठवला की तो दाबला जातो आणि त्यासोबतची माहिती गळते, म्हणून पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या ६५ ब खाली होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही द्यावी लागते. आयटीवाल्यांनो, हे तर तुमचं रोजचं काम. गावातल्या एखाद्या कार्यकर्त्याला तेवढी मदत करा, शंभर शेअर्सपेक्षा भारी.

तिसरं, पत्ता. हा व्हिडिओ नेमका कुणाकडे जायला हवा? जीवाला धोका असेल तर ११२. अॅट्रॉसिटीची तक्रार असेल तर १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन, डिसेंबर २०२१ पासून. मुलांसाठी १०९८. नव्या बीएनएसएसच्या कलम १७३ नुसार गुन्ह्याची खबर इलेक्ट्रॉनिक पद्धतीनंही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे तक्रार ऑनलाइन जाते, पण घटनेपासून एका वर्षाच्या आत. हे सगळं करूनही कुणी हलत नसेल, तर मग करा की व्हायरल! पण ज्यांचा जीव टांगणीला आहे, त्यांच्याशी बोलून.

आणि चौथं, कॅप्शन. जे माहीत आहे तेच. भट्टी असेल तर भट्टी.

भावाचं दुकान पुन्हा सुरू झालंय. मी पुढच्या दिवाळीला गेले तेव्हा त्यानं मला काउंटरवर बसवलं आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, ‘ही आमची अक्का. हिच्याकडं व्हिडिओ देऊ नका बरं!’ सगळे हसले. मीही हसले, काय करणार?

गेल्या महिन्यात स्क्रीनवर दोन मिस्ड कॉल. त्याचेच. पोटात गोळा आला. लगेच फोन केला.

‘अक्का, एक व्हिडिओ हाय. एका म्हाताऱ्याला रेशन देईना गेलेत. सहा महिने झाले, अंगठा जुळत नाही म्हणतेत. पाठवू का?’

‘त्याला विचारलंस?’

‘इचारलं ना. तो म्हणला, तोंड दाखवू नका, पण माझा आवाज ऱ्हाऊ द्या.’

‘मूळ फाइल?’

‘हाय. दोन जागी ठिवली.’

‘मग आत्ता कुणालाच पाठवू नकोस,’ मी म्हटलं, ‘नांदेडच्या बाईंचा नंबर घे.’

कॉन-कॉल सुरू होत होता. मी म्यूट झाले आणि नंबर शोधायला लागले.